देवदूत ही एक पोस्ट आहे

मराठी पेपरात एक मथळा गेली कित्येक वर्षं थोड्याफार फरकाने छापून येतोय. 'पोलीस ठरला देवदूत', नाहीतर 'देवदूत बनून धावला'. खाली फलाटावरच्या कॅमेऱ्यातलं धुरकट चित्र. गाडी सुटलेली, कुणीतरी धावत चढायला जातो, पाय सटकतो, आणि डबा आणि फलाट यांच्या मधल्या फटीत माणूस जाणार तेवढ्यात रेल्वे पोलीस किंवा होमगार्ड त्याला कॉलरला धरून मागे खेचतो. दहा-बारा सेकंदांचा खेळ. मग तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर येतो, हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सगळे त्याच फलाटावर तीच गाडी धावत पकडतो.

त्या पोलिसाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तो जे करतो ते करायच्या ऐवजी आपल्यातले बरेच जण मोबाईल काढतील. माझं भांडण आहे ते मथळ्यातल्या शब्दाशी. देवदूत म्हणजे ऐन वेळी येऊन वाचवणारा, असं आपण धरून चाललोय. पण ज्यांच्या रोजच्या प्रार्थनेत देवदूत आहे, त्यांच्याकडे या शब्दाचा अर्थ बराच वेगळा आहे. आणि तो अर्थ मला आपल्या फलाटांसाठी जास्त उपयोगाचा वाटतो. (हो, सॉफ्टवेअरवाला देवदूतांवर लिहितोय. विकांत आहे, चालायचंच.)

हे खूळ डोक्यात शिरायला कारण आमचा वडाळा. बाहेरच्यांना वडाळा म्हणजे हार्बरला गाडी बदलायचं स्टेशन, आणि एके काळी आयमॅक्सचा घुमट. पण जरा पायी फिरलात तर इथे विठ्ठलाचं जुनं देऊळ आहे, आषाढीला मुंबईतल्या ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही त्यांची रांग इथे लागते. दुसऱ्या अंगाला शेख मिस्रीचा दर्गा. पाच उद्यानांकडे वळलात की दादर पारसी कॉलनी. त्याच्या पलीकडे माटुंग्याला डॉन बॉस्कोचं देऊळवजा मोठं चर्च. एवढ्या सगळ्या देवांची ब्रँच ऑफिसं चालत जायच्या अंतरावर असतील तर त्यांची टपालाची ये-जा पण असणारच ना!

वडील तेव्हाच्या पोर्ट ट्रस्टमध्ये, त्यामुळे लहानपण बीपीटी कॉलनीत गेलं. समोरच्या दारात राहणाऱ्या मावशी मूळच्या वसईकडच्या. ख्रिस्ती, पण घरात बोलणं मराठीच. भिंतीवर येशू-मरियेची तसबीर आणि खाली लाल दिवा. झोपायच्या आधी त्या मुलांकडून एक छोटी प्रार्थना म्हणून घ्यायच्या, राखणदार देवदूताची. प्रत्येक माणसामागे एक देवदूत नेमलेला असतो, तो जन्मापासून शेवटपर्यंत बरोबर राहतो, ही कॅथलिक मंडळींची श्रद्धा. मी तिथे खेळायला गेलेलो असलो की मीही ती म्हणायचो. मग घरी येऊन शुभंकरोती आणि रामरक्षा. डबल कव्हर :)

आता शब्दाचं सांगतो. हिब्रूत मलाख, अरबीत मलक, ग्रीकमध्ये अंगेलोस, ज्याचं पुढे एंजल झालं. तिन्हींचा अर्थ एकच, निरोप्या. फारसीतला फरिश्ता, जो आपल्याकडे हिंदी सिनेमातून आला, त्याचाही मूळ अर्थ 'धाडलेला'. आणि मराठी बायबलने निवडलेला शब्दही तोच, देव-दूत. यात पंख कुठेच नाहीत, प्रकाश नाही, सौंदर्य नाही, आणि वाचवणं तर अजिबात नाही. आहे ते फक्त काम. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीन नावाचा बिशप होऊन गेला, त्याने हे फार नेमकं सांगून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की एंजल हे कामाचं नाव आहे, जातीचं नाही. ते काय आहेत असं विचाराल तर आत्मे, आणि काय करतात असं विचाराल तर दूत. म्हणजे आपल्या भाषेत एंजल हे डेसिग्नेशन झालं. पोस्ट. मराठीत पोस्ट म्हणजे हुद्दाही आणि टपालही. इथे दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.

बायबलमध्ये हे दूत येतात तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं. भिऊ नको. गॅब्रिएल म्हाताऱ्या जखऱ्याला तेच सांगतो, मरियेला तेच सांगतो, ख्रिसमसच्या रात्री मेंढपाळांना दूत तेच सांगतो. शीवच्या पुढे गेलात की निम्म्या रिक्षांच्या मागे स्वामी समर्थांचं 'भिऊ नकोस' लिहिलेलं असतं, त्यामुळे हे वाक्य आपल्याला अगदी घरचं वाटतं. पण फरक पुढच्या ओळीत आहे. स्वामी म्हणतात मी पाठीशी आहे. बायबलमधला दूत 'भिऊ नको' म्हणतो आणि लगेच काम सांगतो, नाहीतर अशी बातमी देतो की आयुष्य उलटंपालटं व्हावं. तुला मूल होणार आहे. मरियेचं लग्न व्हायचंय अजून, गावात काय बोलतील याचा विचार दूताने केलेला नाही. तो निरोप देतो आणि निघून जातो. पुढे योसेफाला स्वप्नात दूत सांगतो, ऊठ, बाळाला आणि आईला घे आणि मिसर देशात पळ. गाडीघोडा नाही, वाटखर्च नाही. चालायचं त्यांनीच.

माझा सगळ्यात आवडता दूत मात्र राफाएल. त्याची गोष्ट तोबीतच्या पुस्तकात आहे. (हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये नाही, त्यामुळे सगळ्या ख्रिस्ती मित्रांना ती माहीत असेलच असं नाही.) निनवे शहरात राहणारा तोबीत आंधळा झालाय, हाताशी पैसा नाही. दूर मेदियात, म्हणजे आजच्या इराणकडे, एकाकडे त्याने चांदी ठेवायला दिली होती. ती आणायला मुलाला, तोबियाला, पाठवायचंय. वाट माहीत नाही म्हणून सोबतीला माणूस शोधतात, आणि माणसाच्या वेशात राफाएल हजर होतो. म्हातारा त्याची चक्क मुलाखत घेतो. कुठल्या घराण्यातला, कुळ कुठलं? राफाएल वैतागून विचारतो, तुम्हाला कुळाशी काय करायचंय? शेवटी खोटं नाव सांगून बॅकग्राउंड चेक पार पाडतो. मग पगार ठरतो, दिवसाला एक द्राख्मा आणि वरखर्च, आणि काम नीट झालं तर वर आणखी काही. ऑनसाइटला जाणाऱ्या कुणालाही हा सीन ओळखीचा वाटेल. दोघं निघतात, आणि मागोमाग घरचा कुत्रा.

प्रवासात राफाएल काय करतो? वाट दाखवतो. नदीत मोठा मासा तोबियाच्या अंगावर येतो तेव्हा स्वतः उडी मारत नाही, सांगतो, धर त्याला. मासा तोबियानेच पकडायचा. त्याचं पित्त काढून ठेव म्हणतो, आणि पुढे त्याच पित्ताने बापाचे डोळे उघडतात, तेही मुलाच्या हातून. मी कोण आहे हे तो अगदी शेवटी सांगतो, जेव्हा बापलेक त्याला आणलेल्या पैशातला अर्धा वाटा द्यायला निघतात तेव्हा. तो पैसे घेत नाही. मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा हा मेंटॉर आवडतो. ज्युनिअरच्या हातून की-बोर्ड ओढून न घेणारा सीनिअर किती जणांना मिळालाय?

याच गोष्टीत एक दुष्ट आत्मा आहे, अस्मोदी नावाचा. त्याचं नाव अवेस्तातल्या ऐश्म या क्रोधाच्या दैत्यावरून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ही गोष्ट लिहिणाऱ्या ज्यूंच्या कानावर इराणी धर्म पडलेला होता. आणि त्या धर्माची माणसं आमच्या पाच उद्यानांत संध्याकाळी बाकावर बसलेली असतात! पारशी पंचांगात महिन्याच्या तीसही दिवसांना अहुर मज्द, त्याचे अमेषा स्पेंता आणि यझद यांची नावं आहेत. इंग्रजीत बोलताना आमच्या ओळखीचे पारशी काका यझदांना सरळ 'एंजल' म्हणतात. शिवाय प्रत्येक माणसाची एक फ्रवशी असते, राखण करणारी. अग्यारीच्या दारावर पंख पसरलेली जी आकृती असते तिला फरोहर म्हणतात ती यावरूनच. दर्ग्यापाशी मोठ्या झालेल्या माझ्या शाळेतल्या मित्राने सांगितलं होतं, त्यांच्याकडे दोन्ही खांद्यांवर दोन फरिश्ते असतात, एक चांगलं लिहितो, एक वाईट. चोवीस तास लॉगिंग चालू.

विठ्ठलाकडे मात्र मामला वेगळा. यमदूत, विष्णुदूत आपल्या पुराणांत आहेत, पण वारकऱ्यांच्या गोष्टींत दूताचा पत्ताच नाही. जनाबाईच्या जात्यावर बसायला विठोबा स्वतः येतो. नाथांच्या घरी श्रीखंड्या बनून कावडीने पाणी भरतो. दामाजीपंतांनी दुष्काळात वाटलेल्या धान्याचे पैसे बेदरच्या दरबारात भरायला स्वतः जातो. मॅनेजरच खाली उतरून तिकिटं क्लोज करतोय! त्यामुळे मराठी मनाला 'दूत' ही कल्पना जरा सरकारी वाटते, मधला माणूस. आणि मला वाटतं म्हणूनच आपण देवदूताला विठोबाचं काम देऊन टाकलं. अडल्यावेळी धावून येणं. शब्द बायबलातला धरला, अपेक्षा पंढरीची ठेवली.

पंखांचंही तसंच. बायबलमध्ये पंख आहेत ते सराफ आणि करूब या भलत्याच प्राण्यांना. सहा पंखांचे, चार तोंडांचे, एखाद्याची झोप उडावी असे. घरोघर निरोप घेऊन जाणारे दूत साध्या पुरुषांसारखे दिसतात, इतके की अब्राहाम तिघांना वाटसरू समजून जेवायला बसवतो. नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर सांगितलंय की पाहुण्याला नाही म्हणू नका, काहींनी असं नकळत देवदूतांना घरात घेतलंय. आपल्या अतिथी देवो भवच्या शेजारचंच. मग हे गुबगुबीत, उघडेवाघडे बाळदूत कुठून आले? रोमन मदनाच्या मूर्तींवरून, युरोपात प्रबोधनकाळी. चित्रकार राफाएलने 1512 च्या सुमारास एका मॅडोनाच्या पायाशी कंटाळून हनुवटीवर हात ठेवलेली दोन बाळं काढली, आणि ती आज मग, कुशन, चॉकलेटचे डबे सगळीकडे आहेत. आमच्या धंद्यातले एंजल इन्व्हेस्टर तर आणखी वेगळे, ती उपमा ब्रॉडवेच्या नाटकांना पैसे पुरवणाऱ्यांवरून आली. आपल्या सरकारने 2012 मध्ये त्यावर 'एंजल टॅक्स' बसवला आणि 2024 च्या बजेटमध्ये काढून टाकला. देवदूतावर कर लावणारा देश आपलाच असावा. असो.

मुद्द्यावर येतो. वडाळ्याहून अंधेरीकडची हार्बर पकडली की किंग्ज सर्कलनंतर माहीम. बुधवारी या गाडीत मेणबत्त्या आणि फुलं घेतलेली माणसं दिसतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून बुधवारची नोव्हेना चालते, नऊ बुधवारांचा नवस. त्यातले कितीतरी लोक ख्रिस्ती नसतात. आमच्या कॉलनीतल्या काकू मुलाच्या दहावीसाठी मंगळवारी सिद्धिविनायक आणि बुधवारी माहीम असं करायच्या. गंमत अशी की हे चर्च आहे मायकलच्या, म्हणजे देवदूतांच्या सेनापतीच्या नावाचं, पोर्तुगीजांच्या काळापासूनचं (आत्ताची इमारत 1973 ची), पण गर्दी असते ती नित्य साहाय्य मातेसाठी. मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत वांद्र्याच्या माउंट मेरीची मूर्तीसुद्धा इथेच आणून ठेवली होती, 1761 पर्यंत. मायकल बिचारा घरमालक, सगळे भेटायला येतात ते त्याच्या पाहुण्यांना.

पण त्या नित्य साहाय्य मातेच्या चित्राकडे नीट पाहिलंत? मूळ चित्र रोमला आहे, बायझंटाईन धाटणीचं, त्याच्या प्रती जगभर. मरियेच्या कडेवर लहानगा येशू. वर दोन कोपऱ्यांत दोन छोटे दूत. आपल्या डावीकडे मायकल, त्याच्या हातात भाला आणि स्पंज. उजवीकडे गॅब्रिएल, त्याच्या हातात क्रूस आणि खिळे. म्हणजे पुढे या मुलाला ज्यांनी मारणार आहेत ती हत्यारं हे दोघं घेऊन आलेत. पोरगं मागे वळून बघतंय, दचकून आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरलाय, आणि धावत येताना एका पायातली चप्पल सुटून लोंबकळतेय. आपण हजारो लोक ज्या चित्रापुढे 'वाचव' म्हणून उभे असतो, त्या चित्रातले देवदूत वाचवायला आलेलेच नाहीत. ते सांगायला आलेत. खरी गोष्ट सांगायला, आणि ती भयंकर आहे.

हे मला मावशींनी दाखवलं. 2016 साली त्यांचा मोठा मुलगा लोकलमधून पडून गेला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, मला क्रिकेटमध्ये कायम बारावा ठेवणारा. नोकरीवरून परत येत होता, दारात उभा होता, आत जायला जागा नव्हती, एवढंच. त्या दिवसांत कॉलनीतलं कुणीतरी, दुष्टपणाने नव्हे पण बोलून गेलं, मग तो राखणदार देवदूत कुठे होता? मावशींनी ऐकलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्याबरोबर माहीमला गेलो होतो, तेव्हा परतताना स्टेशनवर मी धीर करून तेच विचारलं. विचारायला नको होतं असं वाटलं, पण त्या चिडल्या नाहीत.

म्हणाल्या, "अरे बाबा, तो काय बिल्डिंगचा वॉचमन आहे का, आडवा व्हायला? माझं पोर रुळाच्या कडेला कितीतरी वेळ पडून होतं म्हणतात. कोणी नव्हतं जवळ. तेवढा वेळ तो होता. माझा पोर एकटा नाही गेला. मला एवढंच पाहिजे." आणि मग, गाडी येताना दिसल्यावर, "आणि तू दारात उभा राहायचं नाहीस, सांगून ठेवते."

मला हे पटलं असं म्हणणार नाही. मी त्या श्रद्धेतला नाही, आणि एखाद्याच्या दुःखातून आपला युक्तिवाद उभा करणं मला आवडतही नाही. पण नंतर बायबल उघडून वाचलं तेव्हा लक्षात आलं की मावशी काही मनाचं सांगत नव्हत्या. लूकच्या शुभवर्तमानात अटकेच्या आदल्या घटकेला येशू बागेत एकटा प्रार्थना करतोय, हा प्याला माझ्यापुढून टळू दे म्हणून. तेव्हा एक दूत येतो. प्याला टळत नाही. दूत फक्त बळ देतो. आणि त्याच रात्री मत्तयच्या पुस्तकात येशू म्हणतो की मनात आणलं तर बापाकडे मागून देवदूतांच्या बारा पलटणी बोलावू शकतो. बोलावत नाही.

याहून अवघड प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत आहे, बाराव्या अध्यायात. पेत्र तुरुंगात, दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडाने बांधून झोपलेला. दूत येतो आणि त्याच्या कुशीत चक्क ढोसतो. ऊठ. कंबर बांध, चपला घाल, अंगावर झगा घे. शाळेला उशीर झालेल्या पोराला आई उठवते तसं. फाटक आपोआप उघडतं, दोघं एक गल्ली चालून जातात आणि दूत नाहीसा होतो. पुढचा रस्ता पेत्राचा पेत्राने. तो मित्रांच्या घरी दार ठोठावतो, मोलकरीण आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, आतले म्हणतात पेत्र कुठला, त्याचा देवदूत असेल! हसू येतं वाचताना. पण याच अध्यायाच्या सुरुवातीला एका ओळीत लिहिलंय की हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. संपलं. याकोबासाठी दूत आला नाही. का, ते लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही, आणि सारवासारवही केलेली नाही. पेत्राची गोष्ट सांगताना त्याने याकोबाची ओळ गाळली नाही, याचा मला आदर वाटतो.

आपला मथळा ती ओळ गाळतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2024 साली जवळपास अडीच हजार माणसं गेली, रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, फटीत जाऊन. आधीच्या वर्षीही आकडा साधारण तेवढाच. 9 जून 2025 ला दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन खचाखच भरलेल्या गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, त्यात चार जण जागीच किंवा लगेच गेले. ही सगळी याकोब मंडळी. आणि महिन्यातून दोनदा एक पेत्र कॅमेऱ्यात सापडतो, त्याची बातमी होते, पोलिसाचा सत्कार होतो, आपल्याला बरं वाटतं. देवदूत होता म्हणून वाचला! म्हणजे जो वाचला नाही त्याच्या वेळी देवदूत रजेवर होता, एवढाच हिशोब. फट किती इंच होती हे विचारायची गरजच उरली नाही.

सैतानाला हे बरोबर कळलं होतं. मत्तयच्या चौथ्या अध्यायात तो येशूला देवळाच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, मार उडी, तुझ्या पायाला ठेच लागू नये म्हणून देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय ना? लिहिलेलं खरंच आहे, स्तोत्रात. येशू नाही म्हणतो, देवाची परीक्षा बघायची नसते. आपण मात्र साडेआठच्या फास्टला रोज बघतो. आणि आपल्याला उडी मारायला लावणारी व्यवस्थाही त्याच भरवशावर चालते, की झेलायला कुणीतरी असेल.

म्हणून मला तो जुना, निरोप्या हा अर्थ परत हवाय. फटीतून ओढून काढणारा पोलीस जर देवदूत असेल, तर त्याने आणलेला निरोप कुठला? तो तर व्हिडिओतच आहे: इथे फट आहे, माणूस जाईल एवढी. 2014 च्या जानेवारीत घाटकोपरला एक कॉलेजची मुलगी याच फटीत गेली आणि तिचे दोन्ही हात गेले. तिथे कुणी झेलायला नव्हतं. पण तो निरोप उच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि त्यानंतर मुंबईतल्या फलाटांची उंची वाढवायचं काम नेटाने सुरू झालं, साधारण 900 मिलिमीटरपर्यंत. आज जे लोक फटीत न जाता सुखरूप उतरतात त्यांचा व्हिडिओ निघत नाही, कारण त्यात दाखवायला काहीच नाही. सिमेंटचा एक थर वाढवला, त्याला कोण देवदूत म्हणणार? मुंब्र्यानंतर साध्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं रेल्वेने जाहीर केलं. ते सगळ्या डब्यांना लागेपर्यंत विचारत राहायचं की नाही, हा आपला प्रश्न आहे.

आमच्याकडेही हेच चालतं, म्हणून मला जरा जास्त चीड असेल. रात्री दोनला सिस्टिम बसते, कुणीतरी एकटा जागून ती उठवतो, सकाळी सगळ्यांना मेल, यू आर ॲन एंजल, टाळ्या, पाचशे रुपयांचं कूपन. ती का बसली हे लिहिलेला त्याच माणसाचा रिपोर्ट कुणी उघडत नाही. पुढच्या महिन्यात तीच सिस्टिम त्याच कारणाने पुन्हा बसते. दूताचा सत्कार केला आणि पत्र न फोडताच टोपलीत टाकलं.

कुणी म्हणेल, बाबा रे, पेपरातला एक शब्द आहे तो, एवढं काय मनावर घेतोस. घेतो. कारण मावशींसारख्या बाईने तो शब्द नीट वापरला, ज्या बाईला त्याच्यावर रागवायचा सगळ्यात जास्त हक्क होता. तिने देवदूताकडून सोबत मागितली. आणि दारात उभा राहू नको हे मात्र देवदूताला नाही, मला सांगितलं.

कॅलेंडरात बघायचं असेल तर मायकल, गॅब्रिएल, राफाएल यांचा सण 29 सप्टेंबरला असतो, आणि राखणदार देवदूतांचा 2 ऑक्टोबरला. 1670 पासून ही तारीख सगळ्या कॅथलिक जगासाठी ठरलेली आहे, आणि आपल्याला ती गांधी जयंतीमुळे आयतीच सुट्टीची मिळते. ते चित्र बघायचं असेल तर मात्र बुधवारी जाऊ नका, गर्दीत नुसती सोनेरी चमक दिसते. इतर कुठल्याही दिवशी दुपारी हार्बरने माहीमला उतरा. वर उजव्या कोपऱ्यातला गॅब्रिएल बघा, आणि मग खाली त्या पोराच्या पायातली सुटलेली चप्पल.